राखाडी वायरचा जोड

निवृत्त माणूस घरात बसला की घरच्यांना त्याचा त्रास होतो, असं लोक म्हणतात. आमच्याकडे उलट आहे. मला घराचा त्रास होतो. खुर्चीत बसलो की पंख्याची कुरकुर डोक्यात जाते, पंखा बंद केला की उकडतं, बाहेर गेलो की शेजारचं कुत्रं माझ्यावरच भुंकतं आणि आत आलो की बायको विचारते, "आता काय शोधताव?" मी काहीही शोधत नसतो. पडवीतून मागच्या दारी आणि मागच्या दारातून पडवीत, एवढीच माझी लाइन. पायाला भिंगरी लागलीय तुमच्या, असं कमळा म्हणते. जन्मभर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाने स्वस्थ बसावं कसं, हे तिने एकदा करून दाखवावं. तिथेही मी बसूनच असायचो म्हणा, पण खालची जमीन तरी पळत असायची.

कमळाचंही अलीकडे काहीतरी बिघडलंय. चहा अर्धा कप देते. भर म्हटलं तर म्हणते, पित्त होईल. आधी अर्धा, मग थोड्या वेळाने न मागता पुन्हा अर्धा. ही कुठली पद्धत? माझे बटणांचे शर्ट तिने ट्रंकेत घातले आणि गळ्यातून घालायचे, पोरांसारखे टीशर्ट आणले. मी रघुनाथ, या वयात छातीवर घोडा काढलेला टीशर्ट घालून कुवारबावच्या नाक्यावर उभा राहतो. आणि सगळ्यात कहर म्हणजे पेडव्यांची मासळी बंद. ही दाभोळची, खाडीच्या तोंडावर वाढलेली बाई, जिला पेडव्यांच्या सारावर मी चारदा भात घेताना पाहिलंय, ती आता फक्त सुरमईची तुकडी वाढते. "पेडव्यात काटे फार," म्हणते. पेडव्यात काटे असतात हा शोध तिला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर लागला.

तर मी वैतागलेला असतो, आणि त्यावर माझं एकच औषध आहे. पडवीतल्या मोठ्या टेबलावर मी माझी रेल्वे मांडली आहे. रूळ, वळणं, उक्षीचा बोगदा, एक पूल आणि त्यावर धावणारी वीतभर लांबीची इंजिनं. याला कोणी खेळणं म्हणालं की मी त्याला चहा देत नाही. या इंजिनांत मी दिवे बसवतो, तारा जोडतो, आवाज घालतो. आवाज घालणं म्हणजे इंजिनाच्या पोटात डिकोडर बसवणं. नखाएवढी पाटी असते. रुळांतून वीज येते आणि त्याच विजेवरून हुकूमही येतो. तो हुकूम ओळखून डिकोडर मोटर फिरवतो, दिवे लावतो आणि बटणाएवढ्या स्पीकरमधून इंजिनाचा खरा आवाज काढतो. सुरू होतानाची उबळ, मग ती धुगधुग, मग हॉर्न.

आमच्या मार्गावर आता वरून तारा गेल्या. विजेची इंजिनं चोरपावलांनी येतात आणि जातात. घर स्टेशनापासून जवळ, तरी आजकाल गाडी गेली हे मला हॉर्न वाजला तरच कळतं. मी चालवायचो ती जुनी डिझेलं चढाला लागली की घरातली भांडी हलायची. कमळा म्हणते, बरं झालं, भांडी पडून पोचली असती. मला मात्र तो आवाज नसलेला सहन होत नाही. म्हणून भाविकाने, म्हणजे आमच्या पनवेलच्या मुलीने, दसऱ्याला मला डिकोडर पाठवला. त्यात त्याच जातीच्या डिझेलचा आवाज भरलेला. आणि तो बसवायचा होता माझ्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात लाडक्या छोट्या इंजिनात.

पाकीट आलं आणि मी ते दिवाळी जवळ येईपर्यंत फोडलं नाही. का, ते सांगतो. कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

माझा उजवा हात थरथरायला लागला होता. नुसता ठेवला तर बरा असायचा. काही बारीक धरलं की बोटं माझं ऐकेनाशी व्हायची. पहिल्यांदा बशीतला चहा सांडला तेव्हा मी कमळाला म्हटलं, बशी चांगली नाही. मग बशीतून पिणंच सोडलं. सोल्डर करताना, म्हणजे कथील वितळवून वायर जोडताना, लोंबकळणारे गोळे व्हायला लागले तेव्हा म्हटलं, बाजारातली सोल्डरची तार भेसळीची आहे. मग लाइनला होल्टेज नाही. मग भिंग जुनं. दोष द्यायला वस्तू कमी पडत नाहीत, शोधणारा हवा. पण आतून मी घाबरलो होतो. साफ सांगतो, फार घाबरलो होतो. थ्रॉटलवर ज्या हाताने मी घाटात हजार माणसांची गाडी सांभाळली, तोच हात माझा राहिला नाही तर मग मी राहतो कोण?

डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. म्हणून मी स्वतःशीच एक पैज लावली. हा डिकोडर माझ्या हाताने बसला आणि इंजिन वाजलं, तर हाताला काही झालेलं नाही. वय आहे, बास. पुन्हा विचार करायचा नाही. आणि नाही वाजलं तर… त्याच्या पुढचं मी ठरवलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी बसलो. दसऱ्यानंतरचं ते चिकट ऊन, घाम भुवयांतून भिंगावर. इंजिनाचं वरचं कवच काढलं, आतला लोखंडी सांगाडा उघडा केला. आता यातली ग्यानबाची मेख सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जुन्या बनावटीत डाव्या रुळाची वीज थेट सांगाड्यात येते आणि मोटरची खालची पट्टीही त्याच सांगाड्याला चिकटलेली असते. डिकोडर बसवायचा तर पहिलं काम म्हणजे ती पट्टी सांगाड्यापासून तोडायची, मध्ये चिकटपट्टी घालायची आणि डिकोडरची राखाडी वायर फक्त त्या पट्टीला लावायची. राखाडी वायर सांगाड्याला लागली की मोटर फिरवताक्षणी रुळाची वीज उलटी डिकोडरात शिरते आणि तो खलास.

कमळा मधूनच डोकावून गेली. हातात झाडू, म्हणजे केर काढायचं निमित्त.

"दाजी असते तर त्यांनी मदत केली असती तुमाला," ती म्हणाली.

दाजी म्हणजे तिचे वडील. दाभोळला मासेमारीच्या बोटींचं वायरिंग करायचे. कमळा लहानपणी त्यांची हत्यारं धरून बोटीत बसायची आणि पुढे पुढे तर अर्धं काम तीच करायची. त्यांची गोष्टच निराळी. बोटीत एकच वायर ओढायची, परतीचा करंट इंजिनाच्या लोखंडातून जाऊ द्यायचा. म्हणजे काळी वायर बॉडीला टाकली की काम झालं.

"ही काय मच्छीमार बोट आहे?" मी म्हटलं. "तुला यातलं कळायचं नाही. जा तू."

ती गेली. बॉडीला वायर लावली तर इथे काय होतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. विचारायला आली की मी जा म्हणायचो.

लाल, काळी, नारिंगी, या वायरी कशाबशा लागल्या. राखाडीने माझा अंत पाहिला. पट्टी तांदळाच्या दाण्याएवढी. सोल्डरची तापलेली सळई टेकवायला गेलो की हात भलतीकडेच जायचा. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कोपर टेबलाला दाबलं, श्वास रोखला. एकदा चिकटपट्टी जळाली. एकदा बोट भाजलं. मी शिव्या दिल्या, त्या कोणाला ते मलाही माहीत नाही. आणि मग एकदाची ती लागली. गोळा ओबडधोबड होता, पण लागली. मीटर लावून पाहिलं, मोटर आणि सांगाडा यांच्यात कुठे संबंध नाही. मीटर गप्प. त्यावर नवी चिकटपट्टी नीट डकवली.

मला इतका आनंद झाला की मला बसवेना. कवच घालायच्या आधी जरा हाताला विसावा द्यावा म्हणून चपला घातल्या आणि स्टेशनपर्यंत चालत गेलो. तिथे मला काही काम नव्हतं. फलाटावर एक विजेचं इंजिन उभं होतं, त्याच्याकडे मी तुच्छतेने पाहिलं. उजवा हात खिशात होता आणि खिशात तो अगदी शहाण्यासारखा वागत होता. बघ, मी स्वतःला म्हटलं, उगाच घाबरलास.

परत आलो तर इंजिन मी ठेवलं तिथेच. चिकटपट्टी जागेवर. कमळा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच घासत होती. मी कवच चढवलं, स्क्रू पिळले.

नव्या डिकोडरची आधी एका वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर चाचणी घ्यायची असते. तिथे वीज अगदी थोडी सोडतात. काही चुकलं असेल तर कळतं आणि डिकोडर वाचतो. हे मी याच नादातल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना फोनवर शंभरदा बजावलंय. पण आज मला धीर नव्हता. मीटर लावलं होतं की मी. इंजिन सरळ मोठ्या रुळावर ठेवलं.

"कमळा! ये बाहेर!"

ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. आधी ती उबळ आली, मग दुसरी, आणि मग इंजिन पेटलं. तीच धुगधुग. वीतभर इंजिनातून, पण तीच. चिपळूणच्या पावसात अंगावर रेनकोट टाकून ऐकलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कमळा हसली आणि पदराला हात पुसले.

"वाजला हो," ती म्हणाली.

"आता चालतं बघ," म्हणत मी चालवायची चकती फिरवली.

इंजिन हललं नाही. आवाज मध्येच तुटला. कवचाच्या फटीतून बारीक धूर आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास पडवीभर झाला. मी वीज तोडली. उचललं तर खालून चटका बसला.

कमळाचा चेहरा उतरला. "अवो," ती म्हणाली, "ऐका, मी—"

"गप्प बस!" मी ओरडलो. "एक अक्षर बोलू नकोस."

 मी इंजिन टेबलावर आपटणार होतो, पण आपटलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. मीटर तर मी लावलं होतं. मग? स्क्रू पिळताना हात हलला असेल, वायर निसटली असेल. किंवा मी मीटर नीट पाहिलंच नसेल. म्हणजे हात गेला तो गेला, आता डोकंही. पैज मी हरलो होतो आणि माझ्याशिवाय कोणाला ते ठाऊक नव्हतं, हेच सगळ्यात वाईट. कोणापुढे रडायचीही सोय नाही.

मी भाविकाला फोन लावला. "ही सगळी रेल्वे कोणाला तरी देऊन टाक. ओळखीत कोणाची पोरं असतील तर बघ."

"बाबा, काय झालं? डिकोडर बिघडला का? दुसरा पाठवते ना."

"नको. मला कंटाळा आलाय."

"तुम्हाला? रेल्वेचा?" ती म्हणाली. "आईला द्या जरा फोन."

मी फोन कमळाकडे दिला आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. मग पडवीत आलो. मग परत मागच्या दारी. जेवताना कमळाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मी पान सोडून उठायचा आव आणला. सुरमईची तुकडी मला गोड लागली नाही.

सकाळी उठल्याबरोबर इंजिन उघडायला घेतलं. जळका डिकोडर काढून टाकावा, सांगाडा पुसावा आणि सगळं खोक्यात भरून मोकळं व्हावं. कवच काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि चिकटपट्टी सोलली.

खाली माझा गोळा नव्हता.

मोटरची पट्टी पुन्हा सांगाड्याला टेकली होती. मधली चिकटपट्टी कोणीतरी काढलेली. आणि राखाडी वायर सांगाड्याच्या स्क्रूखाली होती. स्क्रूभोवती तीन वेढे, एकाला एक लागून. त्यावर सोल्डर असं पसरलेलं की जणू आतून उगवलंय, चांदीसारखं चकचकीत, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. आणि वरून बोटाने पातळसा हात फिरवलेला व्हॅसलीनचा.

व्हॅसलीन खाऱ्या पाण्यासाठी. वेढे इंजिनाच्या हादऱ्यासाठी. कुवारबावच्या पडवीत ना खारं पाणी, ना हादरे. असा जोड मी एकाच ठिकाणी पाहिला होता, सासऱ्यांच्या बोटींत.

 आधी संताप आला, तोही असा की कानशिलं तापली. माझ्या कामाला हात लावला! न विचारता! मग मी त्या जोडाकडे पुन्हा पाहिलं. इतका सुंदर जोड माझ्या हातून कधीच झाला नव्हता, हात चांगला होता तेव्हाही नाही.

"कमळा," मी हाक मारली. आवाज मला वाटलं तेवढा चढा निघाला नाही.

ती चहा घेऊन आली. अर्धा कप. माझ्यापुढचं इंजिन पाहिलं आणि कप माझ्यापासून जरा लांब ठेवला.

"काल सांगत होती मी," ती म्हणाली. "तुमी बोलू दिलाव नाय."

"आता बोल."

"तुमी गेलाव बाहेर. मी आपली बगायला आली, कसा केलाय तो. वरची चिकटपट्टी उचलली नि वायर जराशी ओढून बगितली. दाजींची सवय ती, जोड ओढून बगायचाच. ओढली नि हातात आली." तिचे डोळे भरले. "सकाळपास्नं तुमी तेवढ्यासाठी झटत होताव. मनगट धरून. मी बगत होती ना स्वयंपाकघरातनं. मला कसा तरीच झाला. मनात बोलली, तुमी यायच्या आत लावून ठेवते. तुमाला वाटेल तुमीच केलाव."

"आणि बॉडीला लावलीस?"

"मग कुठं लावतात? परतीचा करंट बॉडीतनंच जातो ना? मधली चिकटपट्टी आड येत होती, ती काढून टाकली."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं, कारण तिचं मधलं एक वाक्य आता कुठे माझ्या डोक्यात पोचलं होतं. मनगट धरून. मी बगत होती.

"तुला माहीत आहे?" मी विचारलं. "हाताचं?"

ती चहाच्या कपाकडे बघत राहिली. मीही बघितलं. अर्धा कप. अर्धा कप सांडत नाही. बटणं नसलेला टीशर्ट माझ्या अंगावर होता. आणि पेडवे. बोटं थरथरत असली की पेडव्यांचे काटे काढता येत नाहीत.

"कधीपासून?" मी म्हटलं.

"तुमी बशी सोडलीव तवापास्नं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी बशीला, सोल्डरला, होल्टेजला दोष देत घरभर हिंडत होतो आणि ही बाई मुकाट्याने माझ्यासमोरून एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवत होती. आणि मी म्हणत होतो, हिचंच काहीतरी बिघडलंय. मला लाज वाटली. खूप वाटली. आणि त्याहून जास्त, काय सांगू, बरं वाटलं. इतके दिवस जे ओझं मी एकटा वाहतोय असं समजत होतो, ते दोघांनी दोन टोकांना धरलेलं होतं.

मग मी तिला पैजेचं सांगितलं. वाजलं तर हात चांगला, पुन्हा विचार नाही, डॉक्टर नाही. सांगताना ते मलाच इतकं खुळ्यासारखं वाटलं की मी दोनदा थांबलो.

कमळा ऐकत होती. ऐकता ऐकता तिने टेबलाची कड धरली.

"म्हणजे मी जर नीट लावली असती," ती हळूच म्हणाली, "नि ता चालला असता…"

"तर मी चाललं म्हणून नाचलो असतो. आणि डॉक्टरकडे कधीच गेलो नसतो."

तिने त्या जळक्या पाटीवर बोट ठेवलं.

"मग जळला तो बरा झाला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मला कोणाला गप्प करायला येत नाही. ओरडायला येतं. मी उजवा हात टेबलावर ठेवला. खिशात नाही, डाव्या हाताखाली दाबून नाही, नुसता तिच्यासमोर उघडा. मग कप उचलला. हात थरथरला. तसाच तो तोंडापर्यंत नेला. कमळाने मान वळवली नाही आणि मीही हात लपवला नाही. दोन थेंब टीशर्टातल्या घोड्यावर पडले.

"भाविकाला फोन कर," मी म्हटलं. "सांग, डॉक्टरची वेळ घे. आणि दुसरा डिकोडर पाठव."

"तो कोण लावणार?"

"तू. मी शेजारी बसून शिव्या देतो." मग बोटाने सांगाडा दाखवला. "हे बघ, आधी हे ऐक. डाव्या रुळाची वीज इथून येते. म्हणून इथे बॉडीला काही म्हणजे काही लावायचं नाही."

तिने डोळे पुसले, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि वाकून बघितलं. "असा आधी सांगितला असताव तर," ती पुटपुटली. 

थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन बाजाराला निघाली. पायरीपर्यंत गेली असेल.

"कमळा," मी म्हटलं, "पेडवे आण."

ती वळली. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काटे?"

"तू काढून दे," मी म्हटलं.